न जुळलेल्या हाडाचा इतिहास

आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जमिनीचे जुने उतारे आहेत, आईचा लग्नातला शालू आहे आणि एक जाड खाकी पाकीट आहे. पाकिटात एकवीस एक्स-रे फिल्म आहेत. पहिल्या फिल्मवरची तारीख जानेवारी १९७९ची, शेवटच्या फिल्मवरची ऑगस्ट १९९४ची. माणूस एक, पाय एक, हाडही एकच. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, डाव्या नडगीचे.

मी इतिहासाचा शिक्षक. कागदपत्राशिवाय इतिहास नाही, हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. पण घरातल्या या कागदपत्रांकडे इतिहास म्हणून पाहायला मला फार उशीर झाला. २०११ साली आण्णा गेले. दिवसकार्य उरकल्यावर ट्रंक आवरताना मी त्या फिल्म खिडकीच्या काचेला एकेक करून, तारखेच्या क्रमाने लावून पाहिल्या. मग त्यांच्या मागचे वाचत गेलो. तेव्हा लक्षात आले की आमच्या घरात पंधरा-सोळा वर्षे जे घडत होते, त्याच प्रश्नाशी माणूस साडेतीन हजार वर्षे झगडत आला आहे. मोडलेले हाड आपोआप जुळते. मग कधी कधी ते का जुळत नाही?

गाडीची धाव

हिरण्यकेशीच्या काठचे आमचे गाव. अर्धा गाव मराठी बोलतो, अर्धा कानडी, आणि सगळा गाव दोन्ही समजतो. १९७९च्या जानेवारीत गळीत हंगाम भरात होता. ऊस भरलेली गाडी ओढ्याच्या चढणीला मागे सरली. आण्णा चाकाला दगड लावायला धावले आणि पाय घसरून पडले. लोखंडी धाव त्यांच्या डाव्या पायावरून गेली. गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये पाय वेडावाकडा झाला. नडगीवर दोन बोटे रुंदीची जखम होती.

पहिल्यांदा त्यांना नेले ते पलीकडच्या गावच्या हाडवैद्याकडे. सारा मुलूख त्यांना अज्जा म्हणायचा. खांदा निखळलेले, मनगट मोडलेले कितीतरी लोक त्यांच्या हातून बरे झालेले आम्ही पाहिले होते. अज्जांनी कंदील जवळ घेतला, पायावरचे फडके उचलले, जखम पाहिली आणि फडके परत झाकले. "गाय आगैती. इद नन्न केलस अल्ल," ते म्हणाले. कानडीत गाय म्हणजे जखम. जखम झाली आहे, हे माझे काम नव्हे. तालुक्याला न्या. निघताना ते आण्णांच्या डोक्यावर हात ठेवून आणखी एक वाक्य बोलले : "अवसर माडब्याड, तम्मा." घाई करू नकोस, बाबा.

मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. मला अज्जांचा राग आला. एवढा नावाजलेला माणूस आणि हात वर करून मोकळा झाला! पुढे फार वर्षांनी एका इजिप्शियन ग्रंथाविषयी वाचताना तो राग गेला. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन माणसाने १८६२ साली लुक्सोर येथे एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची ही गुंडाळी म्हणजे जखमा आणि अस्थिभंग यांचे टिपण आहे. प्रत्येक रुग्णाची तपासणी सांगून झाली की वैद्य तीनपैकी एक निर्णय देतो : यावर मी उपचार करीन, याच्याशी मी झुंजेन, किंवा हा आजार उपचार करण्याजोगा नाही. दंडाचे हाड मोडले असेल आणि कातडी शाबूत असेल, तर पहिला निर्णय. हाड मोडून वर जखम असेल आणि ती थेट आत मोडीपर्यंत पोचली असेल, तर तिसरा.

आमच्या अज्जांना अक्षरओळखही नव्हती. पण त्यांचा निर्णय आणि त्या इजिप्शियन वैद्याचा निर्णय एकच होता. बंद मोड वेगळी आणि उघडी मोड वेगळी, हे भेद ओळखणे हेच या विद्येचे पहिले पाऊल आहे.

हाड कसे जुळते

वाचकहो, हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे. ते जिवंत आहे, त्याला रक्त लागते. हाड मोडले की मोडीच्या जागी रक्त साकळते. काही दिवसांत त्या साकळलेल्या रक्तात नवे तंतू आणि बारीक रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांत तेथे कूर्चेसारखा मऊ गोळा तयार होतो. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. मग त्यात चुना भरत जातो, तो कडक होतो आणि पुढे महिनोन्‌महिने शरीर तो घासूनपुसून मूळच्या आकाराकडे आणत राहते. कातडी कापली तर व्रण राहतो. नीट जुळलेल्या हाडात मात्र काही वर्षांनी मोडीची जागाही सापडत नाही.

पण हे सगळे नीट जमून आले तर. बिघडण्याचे मार्ग प्रामुख्याने तीन. पहिला, हाड जुळते पण वाकडे जुळते. दुसरा, जुळतच नाही. दोन टोकांमध्ये कच्चा दुवा राहतो आणि जेथे सांधा नाही तेथे सांध्यासारखे हाड हलत राहते. तिसरा, जखमेतून जंतू आत जातात, हाड पू धरते, त्याचा तुकडा मरतो आणि वर्षानुवर्षे वाहत राहतो. नडगीच्या बाबतीत हे धोके जास्त, कारण तिच्या पुढच्या अंगाला मांस नाही, कातडीखाली लगेच हाड. रक्ताचा पुरवठा बेताचा. त्यात माणूस विड्या ओढणारा असेल तर रक्तवाहिन्या आणखी आकसतात. आमचा सगळा टापू निपाणीच्या तंबाखूचा. आण्णांच्या कानावर विडी नाही असा दिवस मी पाहिलेला नव्हता.

याशिवाय बांधणाऱ्याच्या हातून होणारा एक घात आहे. पट्टी फार आवळली तर रक्त अडते, स्नायू मरतात आणि हात कायमचा आखडून बोटे पंजासारखी वळतात. जर्मन शल्यवैद्य रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ साली याचे वर्णन केले आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने हात गमावलेली मुले आपल्याकडच्या डॉक्टरांनीही पाहिलेली आहेत.

हा इशारा आपल्याकडे नवा नव्हता. सुश्रुतसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात भग्नावर स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथे नावानिशी दिले आहेत. ओढणे, दाबणे, बसवणे आणि बांधणे हा उपचाराचा क्रम आहे. कामट्यांसाठी मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वड यांच्या साली आणि बांबू सांगितले आहेत. बंध सैल असेल तर मोड स्थिर राहत नाही, आवळ असेल तर सूज, वेदना आणि पू होतो, म्हणून तो बेताचा असावा, असे बजावले आहे. तो थंडीत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा. पाय मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांनी पाय स्थिर करावा. कोवळ्या वयात हाड महिन्यात स्थिर होते, मध्यम वयात त्याच्या दुप्पट काळ लागतो, उतारवयात तिप्पट. आणि वाकडे जुळलेले हाड पुन्हा मोडून नीट बसवावे. शेवटचे वाचताना अंगावर काटा येतो. पण आज वाकड्या जुळलेल्या हाडावर सर्जन हेच करतो; फरक एवढाच की भूल देऊन करतो.

दरवाजावरचा माणूस

उघड्या मोडीपुढे मात्र सगळेच हतबल होते. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उघड्या मोडीवरचा नेहमीचा उपाय म्हणजे पाय कापणे. पू चढून माणूस जाण्यापेक्षा पाय गेलेला बरा, असा हिशेब.

१७५६च्या जानेवारीत लंडनचे नामांकित शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले. पाय मोडला आणि हाड कातडीबाहेर आले. थंडीत रस्त्यावर पडल्या पडल्या त्यांनी कोणालाही स्वतःला हलवू दिले नाही. नोकराला पाठवून पालखीचे भोई दांड्यांसह बोलावले, जवळचा एक दरवाजा विकत घेतला, दांडे त्याला खिळ्यांनी ठोकून घेतले आणि त्या दरवाजावर निजून घरी गेले. घरी पाय कापण्याची तयारी झाली होती. तेवढ्यात त्यांचे गुरू एडवर्ड नोर्स आले. प्रयत्न करून पाहू, असे ते म्हणाले. पाय वाचला. पॉट यांचा बचाव ज्या गोष्टीने झाला तिला आज आपण साधी गोष्ट समजतो : मोडलेला पाय स्थिर करण्याआधी माणसाला उचलायचे नाही. आमच्या आण्णांना बैलगाडीत घालून, नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, दोन गावे फिरवत नेले होते.

पॉट यांना नशिबाने साथ दिली. नशीब बाजूला सारून पद्धत शोधली ती जोसेफ लिस्टर यांनी. १२ ऑगस्ट १८६५ रोजी ग्लासगोच्या इस्पितळात अकरा वर्षांचा एक मुलगा आला. जेम्स ग्रीनलीस त्याचे नाव. गाडीचे चाक त्याच्या डाव्या पायावरून गेले होते आणि नडगी मोडून वर जखम झाली होती. हे वाचताना मी पुस्तक मिटून काही वेळ बसलो होतो. आमच्या ओढ्याच्या चढणीपासून सात समुद्र पलीकडे, शंभरावर वर्षे आधी, तीच दुखापत! लिस्टर यांनी पाश्चर यांचे जंतूंविषयीचे काम वाचले होते. त्यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात बुडवलेले कापड ठेवले. सहा आठवड्यांनी मुलाचे हाड जुळले, जखम पू न होता भरली. त्याआधीचा त्यांचा एक प्रयत्न फसला होता, हेही सांगितले पाहिजे. १८६७ साली त्यांनी अशा अकरा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एक दगावला, एकाचा पाय कापावा लागला, नऊ जणांचे हातपाय वाचले. त्या काळी हे अघटित होते.

हाडवैद्यांचे घराणे

आपल्याकडे एक समज आहे की डॉक्टर आणि हाडवैद्य म्हणजे विळ्याभोपळ्याचे नाते. इतिहास इतका सरळ नाही. इंग्लंडमधील आधुनिक अस्थिशल्यविद्येचे एक मूळ थेट हाडवैद्यांच्या घरात सापडते.

वेल्सच्या किनाऱ्याजवळ अँगलसी नावाचे बेट आहे. अठराव्या शतकात तेथे एक जहाज फुटले आणि एक परका मुलगा किनाऱ्याला लागला. त्याची भाषा कोणालाच कळेना. हाडे बसवण्याचे त्याचे कसब मात्र उपजत होते, असे सांगतात. त्याच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या हाडवैद्य झाले. त्यांतले एक लिव्हरपूलला आले. तेथील डॉक्टरांनी त्यांना कोर्टकज्ज्यांनी हैराण केले. तेव्हा त्यांनी ठरवले की आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टर करायचे. त्यांतला थोरला ह्यू ओवेन थॉमस. जन्म १८३४, मृत्यू १८९१. घराण्याचा हात आणि विद्यापीठाची विद्या या माणसात एकत्र आली. मोडलेल्या किंवा रोगट हाडाला विश्रांती द्यायची तर ती सक्तीची, अखंड आणि दीर्घ असली पाहिजे, हे त्यांचे सूत्र. त्यासाठी त्यांनी लोखंडी सळीची एक चौकट घडवली. ती आजही थॉमस स्प्लिंट म्हणून आपल्या सरकारी इस्पितळांत दिसते.

त्यांच्या हयातीत तिची फारशी कदर झाली नाही. पहिल्या महायुद्धात त्यांच्या पत्नीचे भाचे सर रॉबर्ट जोन्स यांनी ती आघाडीवर नेली. १९१६ साली मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के मरत असत. जखमीला खंदकातून हलवण्यापूर्वीच ही चौकट बांधण्याचा शिरस्ता पडला आणि युद्ध संपेपर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत आले. हाडवैद्याच्या नातवाने घडवलेल्या एका सळीने हे केले.

प्लॅस्टर आणि कोयता

आण्णांना तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात दाखल केले. जखम धुतली, टाके घातले, मांडीपर्यंत प्लॅस्टर घातले. प्लॅस्टरची ही युक्ती अंतोनियुस मातायसेन या डच लष्करी डॉक्टरची, १८५१-५२ सालची. कापडाच्या पट्टीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसची भुकटी घोळून ठेवायची, ओली करून गुंडाळायची. काही मिनिटांत दगड. पिरोगोव या रशियन शल्यवैद्याने क्रिमियाच्या युद्धात ती मोठ्या प्रमाणावर वापरली. प्लॅस्टरने हाड स्थिर राहते, पण आत काय चालले आहे ते झाकून जाते, हा त्याचा दोष.

तीन महिने प्लॅस्टर काढायचे नाही, असे सांगून आण्णांना घरी पाठवले. दुसरा महिना संपता संपता प्लॅस्टरमधून वास येऊ लागला. दवाखान्यात जा, असे आई रोज म्हणायची. पण ऊस अजून उभा होता. हंगाम संपत आला होता आणि कारखान्याची टोळी दोन दिवसांत येणार होती. टोळी एकदा पुढे गेली की ऊस रानातच वाळणार, सोसायटीचे कर्ज अंगावर राहणार.

"बाळ्या, कोयता आण," आण्णा म्हणाले.

परसात दगडावर बसून त्यांनी प्लॅस्टरवर तांब्याने ऊन पाणी ओतले. त्यांना स्वतःला वाकता येत नव्हते. कोयता माझ्या हातात होता. आतल्या पायाला लागू नये म्हणून मी तो उभा धरून खरवडत होतो. तासभर लागला असेल. शेवटचा थर सुटला तेव्हा आतून जे दिसले ते मी येथे लिहीत नाही. आण्णा उभे राहिले, पाय टेकला आणि पाय मध्येच वाकला. तरी ते काठी टेकत रानात गेले.

ट्रंकेतली चौथी फिल्म त्यानंतरच्या उन्हाळ्यातली आहे. दोन टोके गोलसर झालेली, मध्ये काळी फट. पुढची चौदा वर्षे ती फट तशीच राहिली. आण्णा कुबडीवर चालत. पाय दीड इंच आखूड झाला होता, वर्षातून दोनदा नडगीतून पू यायचा. एका डॉक्टरने पाय गुडघ्याखाली कापण्याचा सल्ला दिला. आण्णांनी तो ऐकला नाही. आणि मी मॅट्रिक झालो, बी.ए., एम.ए. झालो, शाळेत लागलो, पण प्लॅस्टर मी कापले ही गोष्ट कोणाजवळही बोललो नाही.

कुर्गानचा डॉक्टर

आता उरल पर्वताच्या पलीकडे, सैबेरियात जायचे आहे. आण्णांच्या पायाचा उरलेला इतिहास तेथून आला.

गावरील इलिझारोव यांचा जन्म १९२१चा. त्यांचे बालपण कॉकेशसच्या डोंगराळ भागात गरिबीत गेले. क्रिमियातल्या वैद्यकीय संस्थेत ते शिकले. ती संस्था युद्धामुळे कझाकस्तानात हलवली गेली होती. १९४४ साली पदवी मिळताच त्यांची नेमणूक कुर्गान प्रांतातल्या दोल्गोव्का या खेड्यात झाली. तेथे ते जवळजवळ एकटेच डॉक्टर. युद्धातून परतलेले, हाडे न जुळलेले, नडग्या वाहणारे सैनिक त्यांच्याकडे येत. मोठे शस्त्रक्रियागृह नाही, औषधे अपुरी. प्लॅस्टर हाडाला लांबून धरते, मग हाडालाच का धरू नये, असा विचार करत त्यांनी १९५०च्या सुमारास एक यंत्र सिद्ध केले. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या तारा हाडातून आरपार घालायच्या, सायकलच्या चाकातल्या तारांसारख्या ताणून पायाभोवतीच्या लोखंडी कड्यांना बांधायच्या, आणि कडी एकमेकांना आट्यांच्या सळ्यांनी जोडायची. सळीवरची चाकी फिरवली की कडी जवळ येतात किंवा लांब जातात. रुग्ण पाय टेकून चालू शकतो.

हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या अस्थिभंगावरच्या ग्रंथात असेच एक साधन आहे : गुडघ्याखाली एक आणि घोट्यावर एक अशी चामड्याची कडी आणि त्यांच्यामध्ये लवचीक लाकडी काठ्या. कल्पना जुनीच, मात्र हाडापर्यंत कोणी पोचले नव्हते.

यंत्रापेक्षा मोठा शोध पुढचा आहे. हाड जाणूनबुजून, आतले रक्त न तोडता कापायचे, काही दिवस थांबायचे, आणि मग दोन टोके अतिशय सावकाश एकमेकांपासून दूर न्यायची. मधल्या फटीत नवे हाड तयार होत जाते! इलिझारोव यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून वेग ठरवला. रोज अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड वेळेआधीच जुळून बसते. रोज दोन मिलिमीटर ओढले तर नवे हाड धरत नाही. रोज एक मिलिमीटर, आणि तोही चार हप्त्यांत, पाव पाव मिलिमीटरने, हा योग्य वेग.

मॉस्कोच्या मोठ्या डॉक्टरांनी खेड्यातल्या या माणसाकडे बरीच वर्षे दुर्लक्ष केले. वालेरी ब्रुमेल हा उंच उडीतला जागतिक विक्रमवीर, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णपदक विजेता. १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याचा पाय चिरडला. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर १९६८ साली तो कुर्गानला गेला. त्याचे हाड जुळले आणि तो पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला, तेव्हा सारा देश इलिझारोव यांना ओळखू लागला. १९७१ साली कुर्गानला त्यांची स्वतंत्र संस्था झाली.

बाकीच्या जगाला मात्र पत्ता नव्हता. कार्लो माउरी हा इटलीतल्या लेक्को गावचा गिर्यारोहक. १९५८ साली वाल्टर बोनाती यांच्याबरोबर गाशरब्रुम-४ या काराकोरममधल्या शिखरावर प्रथम चढलेला. पुढे त्याचा पाय मोडला आणि नीट जुळलाच नाही; वीसेक वर्षे तो तसाच लंगडत राहिला. थोर हायरडाल यांच्या 'रा' या पपायरसच्या नावेवर त्याचा सोबती होता युरी सेन्केविच हा रशियन डॉक्टर. त्याच्या ओळखीने माउरी १९८० साली कुर्गानला गेला आणि सरळ पायाने परत आला. लेक्कोच्या डॉक्टरांचा विश्वास बसेना. १९८१ साली बेलाजिओ येथील परिषदेत इलिझारोव यांना बोलावले गेले, आणि तेथून ही विद्या जगभर गेली. तीस वर्षे ती एका देशात अडकून पडली होती. एका मोडलेल्या पायाने तिला सीमेपार नेले. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आणि नव्वदच्या दशकात भारतीय सर्जन ती शिकून आले.

दोनशे चाळीस वेळा

१९९३ साली माझ्या एका सहकाऱ्याने मिरजेच्या एका तरुण डॉक्टरांचे नाव सुचवले. कोल्हापूरला गाडी बदलून आम्ही गेलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यावर लावल्या, बराच वेळ पाहिले आणि पहिली अट घातली : विडी बंद. दुसरी अट मला : रोज चार वेळा चाकी फिरवायची, एकही पाळी चुकवायची नाही.

ऑक्टोबरात शस्त्रक्रिया झाली. मेलेले हाड सुमारे दोन सेंटिमीटर काढले, टोके एकमेकांवर दाबून धरली आणि गुडघ्याखाली हाड नव्याने कापले. आधीची चार सेंटिमीटर आणि ही दोन, मिळून सहा सेंटिमीटर हाड वाढवायचे होते. साठ दिवस, रोज चार वेळा, एकूण दोनशे चाळीस वेळा. सकाळी सहा, दुपारी बारा, सायंकाळी सहा, रात्री बारा. दुपारची पाळी आईची, बाकीच्या माझ्या. पाना लावायचा, पाव फेरा द्यायचा, वहीत खूण करायची.

हे सोपे होते असे कोणी समजू नये. तारांच्या भोवती कातडी चिघळायची. रोज प्रत्येक तार साफ करावी लागे. रात्री आण्णांना झोप येत नसे. घोटा आखडू नये म्हणून पाऊल पट्टीने वर ओढून ठेवायचे, तरी तो काही प्रमाणात आखडलाच. पण महिन्याभराने काढलेल्या फिल्ममध्ये वरच्या फटीत पुसट, धुक्यासारखी उभी रेघ दिसली. डॉक्टर म्हणाले, "हे नवीन हाड."

डिसेंबरात एका रात्री बाराची पाळी देताना मी विषय काढला. डॉक्टरांना मी आधीच एकदा विचारले होते : प्लॅस्टर तेव्हा कापले नसते तर? ते म्हणाले होते, आत पू होता, प्लॅस्टर ठेवले असते तरी हाड जुळले असते असे मी म्हणणार नाही. पण पाय टेकल्याने नुकसान झाले हे खरे. हे मी आण्णांना सांगितले आणि म्हणालो, "प्लॅस्टर मी कापलं हुतं, आण्णा."

आण्णा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कोयता मी मागितलेला. तू पोर हुतास. फिरव ती चाकी, बारा वाजून गेले."

ऑगस्ट १९९४मध्ये कडी काढली. एकविसाव्या फिल्ममध्ये हाड एकसंध आहे. किंचित जाड, किंचित बाकदार, पण एकसंध. आण्णा त्यानंतर सतरा वर्षे कुबडीशिवाय चालले. उतरण आली की आखडलेला घोटा त्रास द्यायचा, तेवढे राहिले. इलिझारोव १९९२ सालीच वारले होते.

यंदा आमच्या शाळेत नववीतल्या एका मुलाचा हात खो-खो खेळताना मोडला. चौथ्या आठवड्यात त्याचे वडील माझ्या खोलीत आले. तालुका स्पर्धा जवळ आली आहे, सर. हात दुखत नाही म्हणतो, प्लॅस्टर काढून टाकू का? त्यांना मी खुर्ची दिली, शिपायाला चहा आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी घरून ते खाकी पाकीट घेऊन आलो आणि त्यांना चौथी आणि एकविसावी फिल्म खिडकीशी धरून दाखवली. दोन्हींच्या मध्ये किती वर्षे आहेत ते तारखा वाचून त्यांनी स्वतःच मोजले. मुलगा स्पर्धेला गेला नाही. पाकीट मी परत ट्रंकेत ठेवले आहे.